पंचगंगेत न सापडलेला मासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात शहराच्या पानावर ‘पंचगंगेत आढळला दुर्मीळ काटेरी मासा’ अशी बातमी फोटोसह आली. आमच्या शुक्रवार पेठेत दिवसभर तोच विषय होता. बातमीनुसार मासा नदीत सापडला, पाण्याबाहेर काढताच टम्म फुगला, तो अत्यंत दुर्मीळ आहे, आणि शेवटी कुणा जाणकाराच्या हवाल्यानं ‘भाजून खाल्ल्यास कोंबडीसारखा लागतो’ असंही छापलंय. यातलं ‘काटेरी’ आणि ‘मासा’ एवढं बरोबर आहे. बाकीच्याबद्दल लिहायला बसलोय. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचंच झालं तर कुठंही कापा, पण खाण्याबद्दलचा भाग तेवढा ठेवा.

मी शहरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होतो. पोरं ‘मामा’ म्हणायची, पुढं पुढं प्राध्यापकही मामाच म्हणायला लागले. शिकवणं त्यांचं. बरण्या पुसणं, मासे टिकवायचं फॉर्मलीन बदलणं, मेणाच्या ट्रेमध्ये मासा टाचण्यांनी बसवणं आणि मालवण-रत्नागिरीच्या सहलीत बर्फाची पेटी सांभाळणं हे माझं. माशाला शास्त्रीय नाव देणं माझ्या कामात बसत नव्हतं. पण नाव देणाऱ्याच्या शेजारी उभं राहून सगळी नोकरी गेली, की तो आधी कुठं बघतो, कशाला बोट लावतो, कुठल्या प्रश्नावर अडतो हे आपोआप अंगात भिनतं.

फोटोतला मुलगा आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. मासा फ्रीजरमध्ये होता. त्याची आई दारातच म्हणाली, “मामा, घेऊन जावा की ते एकदाचं. मटारच्या पिशवीवर ठेवलंय कार्ट्यानं.” मी परात मागितली, मासा त्यात ठेवला आणि बर्फ सुटेपर्यंत चहा घेतला.

पहिली गोष्ट नजरेत भरली ती डोळे. खोल गेलेले, पांढुरके. कल्ल्याच्या फटीतून आत बघितलं तर लालीचा पत्ता नाही, सगळं फिकट पडलेलं. बर्फात चांगले दोनतीन दिवस काढलेला मासा असाच दिसतो, मासळी बाजारात रोज जाणाऱ्या कुणाही बाईनं हे लांबूनच सांगितलं असतं. मुलाला म्हटलं, “हा तुझ्या हातात आला तेव्हा मेलेलाच होता. मग फोटोत फुगलाय कसा?” हे मासे फुगतात ते पाणी गिळून. त्यांचं पोट अन्न पचवायला नसतंच, ते पाणी भरून घ्यायला असतं. अन्न सरळ पुढं आतड्यात जातं. त्यांना फासळ्याही नसतात, त्यामुळं पोट ताणायला आतून आडकाठी होत नाही. जिवंत मासा पाण्याबाहेर ओढला तर तो हवाही गिळतो. पण मेल्यावर गिळणार कोण? मुलानं मित्राकडं बघितलं, मित्रानं भिंतीकडं. मग हळूच उत्तर आलं, “पंप मारला मामा. सायकलचा.” माशाच्या तोंडाच्या कोपऱ्यात नळीचा वळ उमटला होता, तो मी आधीच बघितला होता.

“आणि नदीत कुठं गावला?”

“नदीत न्हाई. घाटाच्या पायरीवर काळी पिशवी होती, कुत्र्यांनी फाडलेली. त्यात ह्यो आणि बांगड्याची मुंडकी. त्यांनी इचारलं, नदीवर सापडला का, मी व्हय म्हटलं.”

मुलगा खोटं बोलला नाही आणि आपल्या वार्ताहरानंही मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही. पण पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही.

आता मासा कोणता ते सांगतो. फुगणारे मासे म्हटलं की दोन घराणी समोर येतात. कोकणात ज्यांना केंड म्हणतात ते एक, आणि अंगभर लांब काटे असलेले दुसरे, त्यांना आपण सोयीसाठी साळिंदर मासे म्हणू. काटे बघून झटकन ठरवायचा मोह होतो, पण काही केंडांच्या अंगावरही बारीक खरखरीत काटे असतात. म्हणून आमचे सर आधी तोंड उघडायला लावायचे. केंडाच्या वरच्या आणि खालच्या जबड्यावर दातांच्या पट्टीला मधोमध खाच असते, म्हणजे वर दोन आणि खाली दोन असे चार दात दिसतात. साळिंदर माशाला ती खाच नसते. वर एक अखंड पट्टी, खाली एक. मी अंगठ्याचं नख त्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. नख कुठं अडलं नाही. म्हणजे साळिंदर.

मग काटे. पेन्सिलीनं एकेक काटा शेपटीच्या दिशेनं दाबला, तो मुकाट्यानं आडवा झाला. या घराण्यात आखूड काट्यांची एक जात आहे, सायक्लिक्थिस ऑर्बिक्युलॅरिस, तिचे काटे तीन मुळांवर रोवलेले असतात आणि कायम उभेच राहतात. ती बाद झाली. उरल्या नेहमीच्या दोन, डायोडॉन होलोकँथस आणि डायोडॉन हिस्ट्रिक्स. दोन्हींना नावं १७५८ सालीच, प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीयसनं दिलेली. पहिलीच्या कपाळाच्या मधले काटे लांब असतात, अंगावर मोठे काळपट पट्टे-डाग असतात, पर म्हणजे पोहायचे पंख कोरे असतात. दुसरीच्या कपाळावरचे काटे बगलेतल्या काट्यांपेक्षा आखूड, अंगावर आणि परांवरही बारीक काळे ठिपके, आणि शेपटीच्या देठाच्या वरच्या अंगाला छोटे काटे. मी शेपटीचा पर बोटांत धरून ट्यूबलाइटसमोर पसरला. ठिपके स्वच्छ दिसत होते. देठावर बोट फिरवलं तर टोचलं. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत ३४ सेंटिमीटर भरला. डायोडॉन हिस्ट्रिक्स. यात माझी हुशारी काही नाही. दात, काटे आणि पर बघितले की दहावीचा मुलगाही इथपर्यंत येईल. फक्त फोटोत दात मिटलेले, पर हाताखाली दबलेले आणि काटे पंपानं उभे केलेले होते, त्यामुळं नुसत्या फोटोवरून मोठ्या शास्त्रज्ञालाही छातीठोक सांगता आलं नसतं.

हा मासा दुर्मीळ नाही. जगातल्या बहुतेक उबदार समुद्रांत तो आहे, वाढला तर ९० सेंटिमीटरपर्यंत जातो. दुर्मीळ आहे तो कोल्हापुरात, आणि तसं म्हटलं तर देवमासाही कोल्हापुरात दुर्मीळच.

नदीचा मुद्दा मला जास्त खटकला, कारण बातमी वाचून दोघातिघांनी ‘समुद्रातनं वर चढत आला असंल’ असं मला सांगितलं. पंचगंगा कुठं जाते? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती असं सगळं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं, खाली नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. कुंभी गगनबावड्याकडं उगम पावते. तिथून अरबी समुद्र किती जवळ; पण घाटमाथ्याच्या अलीकडं पडलेला पाऊस पूर्वेलाच जातो. म्हणजे समुद्रातून पंचगंगेत यायचं तर या माशाला विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराळा, नारायणपूर, आलमट्टी पार करून, मग शिरोळ, तेरवाड, इचलकरंजी, रुई, सुर्वे, राजाराम असे आपले बंधारे उलट्या क्रमानं चढून घाटाच्या पायरीला यावं लागेल. पुराच्या बातम्यांत आपण हीच नावं दर पावसाळ्यात छापता, म्हणून मुद्दाम लिहिली.

धरणं नसती तरीही तो आला नसता. समुद्रातला मासा खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो, त्याचं शरीर त्याच कामाला जुंपलेलं. गोड्या पाण्यात सगळंच उलटं होतं, पाणी अंगात शिरत राहतं आणि मीठ निघून जातं. गोड्या पाण्यात राहणारे केंड भारतात आहेत, नाही असं नाही. केरळच्या नद्यांत बोटाच्या एका पेराएवढा पिवळसर केंड असतो, शोभेच्या टाक्यांसाठी विकतात तो. बंगाल-आसामकडं दुसरा एक आहे. पण साळिंदर मासा गोड्या नदीचा कधीच नसतो, आणि पंचगंगेत दोन्हींपैकी कुणीच नाही. कोल्हापूरच्या माशांची यादी मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या नियतकालिकात १९५६ सालीच छापून आलेली आहे. आपल्या नदीत काय असतं हे कुणी पाहिलंच नाही, अशातला भाग नाही.

मग हा राहतो कुठं? त्यासाठी मी त्याच्या आईची परवानगी घेऊन, जुनी वर्तमानपत्रं पसरून (आपलंच होतं, राग नसावा) हातमोजे घालून त्याचं आतडं उघडलं. पहिला चिमटा काढला तो शंखाच्या कपच्यांचा. कपच्या काठावर ताज्या फुटलेल्या, घासून गुळगुळीत झालेल्या नव्हत्या. मग खेकड्याच्या नांगीचं एक टोक, आणि सी-अर्चिन या गोल, काटेरी समुद्री जिवाच्या काट्यांचे जांभळट काळे तुकडे, शिसपेन्सिलीच्या शिशाएवढे बारीक. त्या अखंड दातांचा उपयोग हाच. शंख, खेकडे, सी-अर्चिन, जे कुणी फोडून खायला धजत नाही ते हा रात्री फिरून फोडून खातो आणि दिवसा खडकाच्या कपारीत, प्रवाळाच्या वळचणीला पडून राहतो. एकटा असतो, थव्यानं नाही.

३४ सेंटिमीटर हा आकडाही इथं उपयोगी पडला. या जातीची पिल्लं सुमारे २० सेंटिमीटर होईपर्यंत भर समुद्रात वरच्या पाण्यात तरंगत असतात, तिथं त्यांना मोठे मासे खातात. त्यानंतर ती तळाला येऊन खडक धरतात. आतड्यात सी-अर्चिन आणि अंगानं ३४ सेंटिमीटर, म्हणजे हा खडकाळ किनाऱ्याचा पक्का रहिवासी. दोनचार मीटरपासून ५० मीटरपर्यंतच्या पाण्यात, पण खाली वाळू-चिखल नव्हे, खडक किंवा प्रवाळ.

आपल्याला असा किनारा सगळ्यात जवळ कुठला, तर मालवणचा. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर आहे त्याच्याभोवती आणि पद्मगडाच्या बाजूला पाण्याखाली खडकांच्या रांगा आहेत, त्यावर प्रवाळ आहे. १९८७ साली तिथं २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांना जाईपर्यंत ते कोल्हापूर दरबारचंच होतं, म्हणजे एका अर्थी मासा घरचाच म्हणायला हरकत नाही. ओहोटीला त्या खडकांवर उभं राहिलं की पायाखालच्या डबक्यांत सी-अर्चिन दिसतात. आमच्या सहलीत एखादा तरी विद्यार्थी त्यावर पाय देऊन लंगडत बसमध्ये चढायचाच.

मासळी बाजारात एक मावशी बसतात, माहेर देवगडचं. त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. “ह्याका आमच्याकडे केंडच म्हणतत. खडपाकडे जाळी टाकली की गावता. जाळा फाडता मेलो. कोण खाता ह्याका!” पेट्या रात्री गगनबावड्यावरून किंवा फोंड्याच्या घाटातून येतात, पहाटे उघडतात, बर्फात चुकून आलेला असा मासा निघाला की बाजूला पडतो. कुणीतरी घरगुती गिऱ्हाईकासाठी बांगडे साफ करून मुंडकी आणि हा मासा एका पिशवीत भरला आणि पिशवी नदीवर नेऊन टाकली. रंकाळा काय, पंचगंगा काय, कचरा टाकायला आपल्याला पाणीच लागतं. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

मावशींनी दोन्ही घराण्यांना केंडच म्हटलं, ते त्यांच्या धंद्याला पुरेसं आहे, कारण दोन्ही टाकूनच द्यायचे. पण जो खायचा विचार करतो त्याला एवढ्यावर भागत नाही. म्हणून आता त्या कोंबडीच्या ओळीकडं येतो.

साळिंदर मासा काही ठिकाणी खातात. जपानच्या ओकिनावा बेटांवर त्याचं कातडं काढून रस्सा करतात. पण ते लोक पिढ्यान्‌पिढ्या ते करत आलेत, आणि तरीही युरोपात केंड आणि साळिंदर या दोन्ही घराण्यांच्या विक्रीला बंदी आहे. केंडाच्या यकृतात, अंडाशयात, आतड्यात, कातड्यात आणि काही जातींच्या मांसातही टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. हे विष मासा स्वतः तयार करत नाही. सूक्ष्मजंतू करतात आणि खाण्यातून ते माशात साठतं. म्हणून तीच जात एका किनाऱ्यावर कमी विषारी, दुसऱ्या किनाऱ्यावर जास्त असू शकते. मासा कुठला हे कळलं पाहिजे असं मी म्हणतो त्याला हेही एक कारण आहे. आणि हे विष भाजून, तळून, उकळून जात नाही. कोल्हापुरी मसाल्यानंही जात नाही.

विष पोटात गेलं की आधी ओठ आणि जीभ बधिर होते, मुंग्या येतात, मग हातपाय लुळे पडतात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस पुष्कळदा शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो, बोलता येत नाही. याला उतारा नाही. विष उतरेपर्यंत यंत्रानं श्वास चालू ठेवणं एवढाच इलाज. तेव्हा कुणी चुकून खाल्लाच आणि ओठ बधिर झाले, तर लिंबूपाणी, ताक, मीठपाणी करत बसू नका, सरळ सीपीआर रुग्णालयात न्या आणि उरलेला मासा पिशवीत घालून बरोबर न्या.

इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकची गोष्ट आमचे सर दरवर्षी सांगायचे. सप्टेंबर १७७४ मध्ये न्यू कॅलेडोनिया बेटाजवळ त्याच्या जहाजावर स्थानिकांकडून एक मासा आला. बरोबरच्या निसर्गशास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन लिहायला आणि चित्र काढायला इतका वेळ लावला, की रात्रीच्या जेवणाला मासा शिजवणं राहून गेलं आणि फक्त यकृत आणि गाभोळी शिजली. कुकनं आणि त्या शास्त्रज्ञांनी ती थोडी थोडी चाखली. पहाटे सगळ्यांचे हातपाय बधिर. आतडी खाल्लेलं जहाजावरचं डुक्कर मरून पडलं. विष नेमकं त्याच भागांत जास्त असतं, तरी थोडक्यावर निभावलं. तो मासा केंडाच्या लॅगोसेफॅलस कुळातला होता. त्याच कुळातले मासे आपल्या पेट्यांत बांगड्याबरोबर येतात.

२००८ मध्ये बांगलादेशात केंड खाऊन एकापाठोपाठ एक विषबाधेच्या घटना झाल्या आणि माणसं दगावली. किनाऱ्यावरच्या माणसाला केंड म्हणजे काय हे आजी सांगते. आतल्या गावात मासा स्वस्त मिळाला की घेतला जातो. कोल्हापूर हे आतलंच गाव आहे, शिवाय आपण मांसाहाराच्या बाबतीत जरा धाडसी. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या माणसाला ‘कोंबडीसारखा लागतो’ असं सांगणं म्हणजे निमंत्रणच की.

पेटीतल्या केंडांत फरक कसा करायचा हेही सांगून टाकतो, म्हणजे कुणी विचारायला आलं तर मावशींचा वेळ जाणार नाही. पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडं बोट फिरवा. पाठ गुळगुळीत आणि फक्त पोट खरखरीत असेल तर तो बहुतेक लॅगोसेफॅलस इनर्मिस, त्याच्या कल्ल्याची फट काळी असते. खरखर डोक्यापासून पाठीवरच्या पराच्या बुडापर्यंत सलग गेली असेल तर लॅगोसेफॅलस ल्युनारिस, आणि याचं मांसही विषारी. मात्र गुळगुळीत निघाला म्हणून घरी नेऊ नका. बोट फिरवायचं ते ओळखायला. खायचा दोन्हींतला एकही नाही.

हे केंड अलीकडं जाळ्यात जास्त का येतात असं मावशींनीच मला विचारलं. केरळच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न आला होता. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये त्याचं एक उत्तर असं मांडलं, की केंड खाणारे मोठे शिकारी मासे कमी झाले, त्यात मोदसा म्हणजे कोबिया आला, आणि म्हणून केंड माजले. मावशी म्हणाल्या, “मोदसो खंय गावता आता.” त्यांच्या दुकानाची माहिती आणि त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं इथं जुळलं.

आमच्या विभागात बरण्यांचं एक जुनं कपाट होतं. एकदा सरांनी त्यातल्या कितीतरी बरण्या रिकाम्या करायला लावल्या. आत मासे चांगले होते, पण चिठ्ठ्या नव्हत्या. मला वाईट वाटलं, तर म्हणाले, “मामा, बिनचिठ्ठीची बरणी म्हणजे लोणचं.” फॉर्मलीनमध्ये रंग उडतो, ठिपके पुसट होतात, चार वर्षांत सगळे मासे एकाच पिवळट रंगाचे दिसतात. टिकतं ते चिठ्ठीवरचं. कुठं सापडला, किती पाण्यात, तळ कसला, कुठल्या जाळ्यात, कुठल्या तारखेला. तीही पेन्सिलीनं लिहायची, शाई विरघळते. रापणीत म्हणजे किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्यात आलेला मासा आणि ट्रॉलरनं भर समुद्रातून ओढलेला मासा दिसायला सारखे असले तरी ते वेगळ्या घरचे असू शकतात.

वर्तमानपत्रातला फोटो ही बरणीच. आपण फोटो छापता, खाली पकडणाऱ्याचं नाव छापता, ज्यांच्या उपस्थितीत पकडला त्या नगरसेवकांचंही छापता. जागा आणि पाणी तेवढं राहून जातं. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हाही तेच. ‘हजारो मासे मृत’ एवढंच येतं, कुठले मासे ते येत नाही. हे फार मोठं राहून जाणं आहे. मरळ आणि मांगूर वर येऊन हवा घेतात, पाण्यातला प्राणवायू संपला तरी ते इतरांच्या मागून तग धरतात. खचात फक्त रोहू-कटला असतील तर एक कारण आणि मरळही पालथे पडले असतील तर कारण बहुधा वेगळं, नुसता प्राणवायू कमी होण्याचं नव्हे. बातमीत दोन जातींची नावं आली असती तर प्रदूषण मंडळाला आणि वकिलांना त्यातून काहीतरी हाताला लागलं असतं. वार्ताहराला नावं येत नसतील तर नदीकाठचा कुठलाही भोई सांगेल, फुकट सांगेल.

समुद्रातल्या माशाबद्दल विचारायचं तर रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, आपल्याकडं शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र विभाग आहे. फोटो पाठवताना मासा आडवा ठेवावा, पर पसरावेत, तोंड उघडून एक फोटो घ्यावा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवावं. हातात धरून हसतानाचा फोटो घरच्यांसाठी वेगळा काढावा. समुद्रघोडा किंवा बहिरी मोरी (व्हेल शार्क) यांसारखा मासा असेल तर ओळख पटवणं कायद्यानंही भाग आहे, हे दोन्ही २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. फ्रीजरमध्ये ठेवून मित्रांना दाखवणं अंगाशी येऊ शकतं.

मासा आता बरणीत आहे, आमच्या जुन्या विभागानं ठेवून घेतला. चिठ्ठीवर जातीचं नाव, लांबी, आतड्यात काय सापडलं आणि पंचगंगा घाटावर, कचऱ्यात, असं लिहिलंय. समुद्रातली जागा लिहायची तर मालवण लिहायला माझा हात फार शिवशिवला, पण देवगड-विजयदुर्गाकडंही खडक आहेत आणि रत्नागिरीची पेटी आंबा घाटानं आलेली असू शकते.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. एक, मासा समुद्रातला होता, नदीत सापडला नव्हता आणि तो किंवा त्याच्यासारखा फुगणारा कुठलाही मासा खाऊ नये, एवढं शुद्धिपत्र त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावं. दुसरं, बातमीच्या आदल्या दिवशी सकाळी ती काळी पिशवी ज्यांनी घाटावर टाकली त्यांनी आपल्या कार्यालयात एक फोन करावा. नाव सांगू नका, दंडाचं काम माझं नाही. बांगडे कुठल्या गाडीतले होते, गाडी कुठल्या बंदरावरून आली होती, तेवढं मला हवंय. आणि त्या मुलाचं नाव पुढच्या बातमीत छापू नका. पंपाचं कळल्यापासून त्याच्या आईनं त्याची सायकल कुलपात घातलीय, तेवढं पुरे झालं.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर
शुक्रवार पेठ, कोल्हापूर